एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजने सिरमचे एक कोटी गेले. फिशिंगमध्ये भलेभले कसे फसतात?

सप्टेंबर २०२२. पुण्यातल्या सिरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. पाठवणाऱ्याचं नाव होतं अदर पूनावाला, म्हणजे कंपनीचे सीईओ. काही बँक खात्यांचे नंबर दिलेले होते आणि त्यांवर तातडीने पैसे पाठवायला सांगितलं होतं.

साहेबांचा निरोप आला की आधी काम करायचं, ही कुठल्याही ऑफिसातली रीत. इथंही तेच झालं. कंपनीच्या खात्यातून १ कोटी १ लाख १ हजार ५५४ रुपये त्या खात्यांवर गेले. नंतर कळलं की पूनावाला यांनी असा मेसेज पाठवलेलाच नव्हता. बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला आणि पुढे पोलिसांनी वेगवेगळ्या राज्यांतून काही जणांना अटकही केली.

कोरोनाच्या काळात कोव्हिशिल्ड बनवणारी, जगातल्या सगळ्यात मोठ्या लस उत्पादकांपैकी एक असलेली ही कंपनी. तिथली माणसं शिकलेली, व्यवहार रोजचे, आकडे कोटींतले. तरी एक मेसेज पुरेसा ठरला.

म्हणूनच 'असले मेसेज मला पण येतात, मी काही फसणारा नाही' असं म्हणण्याआधी थोडं थांबायला हवं. फिशिंगमध्ये नेमकं काय होतं, लिंक दाबल्यावर पडद्यामागे काय घडतं, आणि फसलोच तर पैसे परत मिळतात का? पुण्यातल्याच काही प्रकरणांतून समजून घेऊया.

फिशिंग म्हणजे काय?

फिशिंग म्हणजे दुसऱ्याचं सोंग घेऊन तुमच्याकडून माहिती किंवा पैसे काढून घेणं. हे सोंग बँकेचं असेल, वीज कंपनीचं असेल, पोलिसांचं असेल किंवा तुमच्या साहेबांचं. शब्द मासेमारीवरूनच आला आहे, फक्त इंग्रजी स्पेलिंग जरा बदललंय. १९९०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत एओएल या इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांचे पासवर्ड असे लांबवले जायचे, तेव्हापासून हा शब्द रुळला. गळ टाकायचा, आमिष लावायचं आणि कुणीतरी लागेल म्हणून वाट बघायची.

ईमेलवरून आला तर फिशिंग, एसएमएसवरून आला तर स्मिशिंग, फोनवरून आला तर विशिंग, अशी नावं आहेत. मोठ्या अधिकाऱ्याचं नाव वापरून कंपनीला गंडवलं तर त्याला सीईओ फ्रॉड म्हणतात. सिरमचं प्रकरण या शेवटच्या प्रकारातलं. नावं लक्षात ठेवायची गरज नाही, युक्ती सगळीकडे एकच असते.

ती युक्ती समजण्यासाठी पुण्यातलीच आणखी एक चोरी आठवून बघा. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. चोरांनी बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसखोरी केली, बनावट कार्डं तयार केली आणि २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. अशा चोरीला तांत्रिक ज्ञान लागतं, बरीच माणसं लागतात, महिनोन्‌महिने तयारी लागते.

सिरमच्या बाबतीत यातलं काही करावं लागलं नाही. कुणाचा पासवर्ड फोडला नाही, कुठलं सॉफ्टवेअर हॅक केलं नाही. चोराला फक्त एवढं माहीत असावं लागतं की कंपनीत कुणाचा शब्द कोण मोडत नाही. तिजोरी फोडायची तर अवजारं लागतात. मालकाच्या आवाजात हाक मारली तर आतला माणूस स्वतःच दार उघडतो.

फिशिंग चालतं ते असं. ते तुमचं रोजचंच काम तुमच्याकडून करून घेतं, फक्त वाट चोराची असते.

पुण्याला हे नवीन आहे का?

अजिबात नाही. २००५ साली पुण्यातल्या एका कॉल सेंटरमधल्या काही कर्मचाऱ्यांना अटक झाली होती. अमेरिकेतल्या सिटी बँकेच्या ग्राहकांशी ते फोनवर बोलायचे. बोलता बोलता विश्वास मिळवून त्यांनी काही ग्राहकांचे पिन काढून घेतले आणि त्यांच्या खात्यांतले लाखो डॉलर पुण्यात खोट्या नावांनी उघडलेल्या खात्यांवर वळवले. तेव्हा सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन नव्हते, यूपीआय नव्हतं, व्हॉट्सअ‍ॅपही नव्हतं. फोनवरचा गोड आवाज मात्र होता.

वीस वर्षांत साधनं बदलली आणि चोराचा खर्च कमी झाला. आधी एकेका ग्राहकाशी बोलावं लागायचं, आता एकच मेसेज लाखभर लोकांना जातो. त्यातले शंभर जण जरी गळाला लागले तरी धंदा चालतो. मेसेजमध्ये तुमचं नाव नसतं, 'प्रिय ग्राहक' असतं, त्याचं कारण हेच.

'आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल'

२०२२च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी हा मेसेज आला होता. मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, त्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता तुमचा वीजपुरवठा बंद होईल, ताबडतोब या नंबरवर संपर्क करा. खाली कुणा 'अधिकाऱ्या'चा मोबाईल नंबर.

समजा, कोथरूडमध्ये एकट्या राहणाऱ्या एका काकूंना संध्याकाळी सात वाजता हा मेसेज आला. मुलगा परगावी. बिल भरल्याचं आठवतंय, पण नक्की भरलं का? ऑफिस तर बंद झालं असणार. रात्री अंधारात बसायचं म्हणजे... आणि त्या फोन लावतात.

पलीकडचा माणूस अतिशय सौजन्याने बोलतो. 'काळजी करू नका मॅडम, सिस्टीममध्ये अपडेट झालेलं नाही एवढंच. मी सांगतो ते अ‍ॅप घ्या आणि फक्त दहा रुपये भरा, लगेच अपडेट होईल.' ते अ‍ॅप असतं आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं. एकदा ते चालू झालं की काकू फोनवर काय टाइप करतात, कुठला ओटीपी येतो, सगळं पलीकडे दिसायला लागतं. दहा रुपये हे निमित्त. चोराला हवा असतो तो दहा रुपये भरताना टाकलेला पासवर्ड.

या मेसेजमध्ये तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. फिशिंगच्या जवळपास प्रत्येक प्रकारात त्या सापडतील.

भीती. वीज जाईल, खातं बंद होईल, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तुमच्या नावावर गुन्हा आहे.

घाई. साडेनऊच्या आत, आज रात्री बाराच्या आत, पुढच्या दहा मिनिटांत. वेळ कमी असला की माणूस कुणाला विचारत नाही, आणि चोराला तेच हवं असतं.

अधिकार. बोलणारा बँकेचा, महावितरणचा, पोलिसांचा किंवा साहेबांचा माणूस असतो. त्याला उलट प्रश्न विचारायची आपल्याला सवय नसते.

कधी भीतीच्या जागी लोभ येतो, जसं की रिफंड, बक्षीस, घरबसल्या कमाई, शेअर बाजारात दुप्पट पैसे. पण घाई मात्र सुटत नाही.

आता या मेसेजमधली मेख बघा. विद्युत कायदा २००३च्या कलम ५६ नुसार, थकबाकीसाठी वीज तोडायची असेल तर ग्राहकाला किमान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. संध्याकाळी मेसेज आणि रात्री साडेनऊला अंधार, असं कायद्यातच बसत नाही. शिवाय महावितरणने तेव्हाच स्पष्ट केलं होतं की त्यांचे एसएमएस कुणाच्या वैयक्तिक मोबाईल नंबरवरून येत नाहीत, पाठवणाऱ्याच्या जागी 'एमएसईडीसीएल' अशी अक्षरं असतात.

पण ही माहिती त्या क्षणी कुणाला आठवते? आठवू नये म्हणून तर साडेनऊची वेळ दिलेली असते.

लिंक दाबली की नेमकं काय होतं?

बऱ्याच जणांचा समज असा की लिंक दाबली की लगेच खातं रिकामं होतं. सहसा तसं होत नाही. फोन अद्ययावत असेल तर नुसत्या दाबण्याने क्वचितच काही बिघडतं. खरा धोका पुढच्या पायरीला असतो.

लिंक तुम्हाला बँकेसारख्याच दिसणाऱ्या पानावर नेते. तोच लोगो, तेच रंग, तळाला तीच बारीक अक्षरं. असं पान बनवणं फार सोपं आहे, कारण खरं पान सगळ्यांना दिसतंच, त्याची नक्कल काही मिनिटांत होते.

तुम्ही तिथे युजर आयडी आणि पासवर्ड टाकता. तो चोराकडे जातो आणि त्याच क्षणी खऱ्या बँकेच्या साइटवर टाकला जातो. खरी बँक तुम्हाला खरा ओटीपी पाठवते. बँकेकडूनच ओटीपी आला म्हणून तुमचा विश्वास आणखी वाढतो. नकली पानावर ओटीपीचा चौकोन येतो, तुम्ही आकडे भरता, आणि चोर ते खऱ्या साइटवर भरतो. तुम्ही कुणालाही ओटीपी 'सांगितलेला' नसतो, तरी तो गेलेला असतो.

'ओटीपी कुणालाही सांगू नका' हे वाक्य आपल्याला पाठ झालंय. त्याला एक जोड द्यायला हवी: मेसेजमधल्या लिंकवरून उघडलेल्या पानावर ओटीपी टाकूही नका.

मग खरी लिंक ओळखायची कशी?

पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चिन्ह दिसलं की साइट सुरक्षित, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. ते अर्धवट आहे. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधे कुणी माहिती वाचू शकत नाही. समोरची साइट कुणाची आहे, हे कुलूप सांगत नाही. चोराच्या साइटलाही ते फुकट मिळतं.

बघायचं असतं ते साइटचं नाव, आणि ते उजवीकडून वाचायचं. सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'पुढच्या दोन रेघा सोडा. त्यानंतर जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या डाव्या बाजूचे शेवटचे दोन-तीन शब्द म्हणजे साइटचा खरा मालक. समजा पत्ता असा आहे: 'तुमचीबँक डॉट केवायसी-अपडेट डॉट कॉम'. इथे 'तुमचीबँक' हा शब्द दिसतोय, पण मालक आहे 'केवायसी-अपडेट डॉट कॉम'. पत्त्यात 'शनिवारवाड्याजवळ' लिहिलं म्हणून घर काही पेशव्यांचं होत नाही, तसंच हे.

बँकांच्या बाबतीत आता एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५मध्ये बँकांना आपली साइट 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर नेायला सांगितलं, आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. सरकारी साइटचा शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट निक डॉट इन' असतो.

पण खरं सांगायचं तर, घाईत असलेला माणूस मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर पत्ता उजवीकडून वाचत बसेल, ही अपेक्षा फार झाली. त्याहून सोपा उपाय शेवटी बघू.

चलन, लग्नपत्रिका आणि एपीके फाइल

अलीकडे लिंकऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर थेट फाइल येते. 'तुमच्या गाडीचं चलन फाटलंय', 'गॅसचं बिल थकलंय', 'आमच्याकडे लग्न आहे, पत्रिका उघडून पाहा'. फाइलच्या नावाच्या शेवटी 'डॉट एपीके' असतं.

पुण्यात दारोदारी दुचाकी. कधी सिग्नल तुटला असेल, कधी झेब्रा क्रॉसिंगवर चाक गेलं असेल. चलनाचा मेसेज आला की 'असेलही' असंच वाटतं. चोर अंदाजाने बाण मारतो आणि तो बऱ्याच जणांना लागतो.

एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप बसवण्याची फाइल. फोटो किंवा पीडीएफ उघडणं वेगळं आणि एपीके उघडणं वेगळं. एपीके उघडली की तुम्ही एका अनोळखी माणसाचं अ‍ॅप आपल्या फोनमध्ये बसवत असता. ते अ‍ॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं, आपण 'अलाऊ' दाबतो. त्यानंतर येणारा प्रत्येक ओटीपी गुपचूप पुढे जातो. इथे तर ओटीपी सांगायचाही नाही आणि टाकायचाही नाही. चोर तो स्वतःच वाचतो.

हा प्रकार झपाट्याने पसरतो, कारण अशा अ‍ॅपमधून किंवा हातोहात मिळवलेल्या सहा आकडी कोडमधून चोर तुमचं व्हॉट्सअ‍ॅपही ताब्यात घेऊ शकतो. मग तीच फाइल तुमच्या नावाने सोसायटीच्या ग्रुपवर जाते. आता पाठवणारा अनोळखी राहिलेला नसतो. 'बी विंगच्या जोशीकाकांनी पाठवलंय, म्हणजे बघण्यासारखं असेल.' म्हणून ओळखीच्या नंबरवरून आलेली एपीके फाइलसुद्धा उघडायची नाही. चलन बघायचं असेल तर परिवहन खात्याच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या अधिकृत साइटवर स्वतः जायचं आणि गाडीचा नंबर टाकायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

यूपीआयबद्दलही एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. 'रिफंड देतो, क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका' म्हणणारा माणूस तुमच्याकडून पैसे घेतोय, देत नाहीये.

फसलो तर चूक माझीच ना? मग पैसे कसले परत मिळणार?

बरेच जण तक्रार न करता गप्प बसतात, ते याच समजापोटी. लाज वाटते. 'एवढं शिकून तुला कळलं नाही का' हे ऐकायची भीती वाटते. पण कायदा याकडे कसा बघतो, हे कळायला पुण्यातलंच एक प्रकरण उपयोगी आहे.

पूना ऑटो अ‍ॅन्सिलरीज ही पुण्यातली कंपनी. तिच्या प्रमुखांना बँकेच्या नावाने एक ईमेल आला. त्यांनी त्याला प्रतिसाद दिला आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. प्रकरण माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली निवाडा अधिकाऱ्यांकडे गेलं. राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हेच हे अधिकारी असतात, आणि तेव्हा या पदावर राजेश अग्रवाल होते.

२०१३मध्ये निकाल लागला. फिशिंग ईमेलला उत्तर दिलं म्हणून नुकसानीचा काही भार तक्रारदाराने सोसावा, हे त्यात मान्य झालं. पण पैसे ज्या बनावट खात्यांवर गेले, ती उघडताना बँकेने पुरेशी तपासणी केली नव्हती. हा बँकेचा निष्काळजीपणा ठरवून ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला.

म्हणजे ग्राहक चुकला असला तरी सगळं ओझं त्याच्याच डोक्यावर येतं असं नाही. चोराचे पैसे शेवटी कुठल्यातरी बँकेच्या खात्यातूनच फिरतात, आणि ते खातं कसं उघडलं गेलं हा प्रश्न विचारता येतो.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकातही जबाबदारीची वाटणी आहे. साध्या भाषेत ती अशी:

- चूक बँकेची असेल, तर ग्राहकाचं नुकसान शून्य.
- चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्या यंत्रणेत कुठेतरी गडबड झाली, आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही नुकसान शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर ग्राहकावर ठरावीक मर्यादेपर्यंतचा बोजा.
- ग्राहकाने स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी दिला, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे काही जाईल ते बँकेचं.

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. फिशिंगमध्ये बहुतेक जण या तिसऱ्या गटात येतात. पैसे एकाच वेळी जात नाहीत, टप्प्याटप्प्याने जातात. पहिला व्यवहार झाल्यावर बँकेला कळवलं, तर पुढच्या व्यवहारांची जबाबदारी तुमची राहत नाही. लाजेत घालवलेल्या प्रत्येक तासाची किंमत आपणच मोजतो.

पैसे जातात कुठे?

पैसे चोराच्या स्वतःच्या खात्यात क्वचितच जातात. ते जातात भाड्याच्या खात्यांत. कुणालातरी चार-पाच हजार रुपये देऊन त्याच्या नावावर खातं उघडून घेतलं जातं, किंवा असलेलंच खातं 'थोडे दिवस वापरायला' घेतलं जातं. पहिल्या खात्यातून पैसे चार खात्यांत, चारातून सोळा खात्यांत. मग कुठे एटीएममधून काढले जातात, कुठे क्रिप्टोमध्ये जातात.

पोलीस तपास करत येतात तेव्हा सगळ्यात आधी सापडतो तो हा खातेदार, कारण कागदोपत्री नाव त्याचंच असतं. शिकायला किंवा नोकरीसाठी पुण्यात आलेल्या कुणालाही 'तुझं खातं दे, कमिशन देतो' असं कुणी म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. ऑनलाइन दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे, त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. खातं भाड्याने देणारा माणूसही अशा गुन्ह्यात सापडतो.

या साखळीतच एक आशेची जागा आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जात असतानाच ते गोठवता येतात. मात्र तक्रार त्यांच्या आधी पोहोचायला हवी.

फसलात तर काय करायचं?

या क्रमाने करा.

१. १९३० वर फोन करा. ही सायबर आर्थिक फसवणुकीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन. तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला कळवून रक्कम रोखण्याचा प्रयत्न होतो. व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि तुमच्या बँकेचं नाव हाताशी ठेवा.

२. बँकेला कळवा. कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. बँकेचा नंबर कार्डच्या मागे किंवा पासबुकवर असतो, तोच वापरा. गुगलवर 'कस्टमर केअर' शोधू नका, तिथेही चोरांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात.

३. एपीके उघडली असेल तर फोन फ्लाइट मोडवर टाका. १९३० आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा आणि पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून बदला. नंतर ते अ‍ॅप काढून फोन रीसेट करा. स्क्रीनशॉट मात्र आधी घ्या.

४. लेखी तक्रार करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन'वर, किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात. पुणे शहरात स्वतंत्र सायबर पोलीस ठाणंही आहे.

५. मेसेज, नंबर, लिंक काहीही डिलीट करू नका. रागाच्या भरात चॅट पुसून टाकलं की पुरावाही जातो.

यानंतर काही दिवसांनी 'तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त फी भरा' असा फोन आला तर तोही गळच समजा. एकदा फसलेल्या माणसाची यादी चोरांकडे असते.

एकच सवय लावायची तर कुठली?

मेसेजचे प्रकार पाठ करून उपयोग नाही. आज वीजबिल आहे, उद्या चलन, परवा आणखी काही. एआयमुळे आता मराठीही चुकांशिवाय लिहिता येते आणि आवाजाचीही नक्कल होते. त्यामुळे 'भाषा अशुद्ध आहे म्हणजे फसवणूक' ही जुनी खूणही कामाची राहिलेली नाही.

सवय एकच: निरोप ज्या वाटेने आला, त्या वाटेने उत्तर द्यायचं नाही. बँकेचा मेसेज आला तर लिंक सोडून द्या, बँकेचं अ‍ॅप स्वतः उघडा. वीजबिलाचा मेसेज आला तर महावितरणचं अ‍ॅप उघडून थकबाकी बघा. भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे मागितले तर त्याला साधा फोन लावा. साहेबांनी कोटभर रुपये पाठवायला सांगितले तर साहेबांच्या नेहमीच्या नंबरवर एकदा विचारा, 'सर, हे तुम्हीच पाठवलंय ना?'

निरोप खरा असेल तर अशा विचारण्याने काही बिघडत नाही. साहेब फार तर दोन शब्द बोलतील. आणि खोटा असेल तर चोराची सगळी मेहनत त्या एका फोनवर वाया जाते, कारण त्याने बांधलेल्या वाटेवरून तुम्ही गेलाच नाहीत.

घरातल्या मोठ्या माणसांना हे सांगताना एक वाक्य जरूर जोडा: 'काहीही शंका आली तर मला फोन करा, मी रागावणार नाही. आणि पैसे गेले तर सगळ्यात आधी मलाच सांगा.' काकूंनी त्या संध्याकाळी अनोळखी नंबरवर फोन केला, कारण मुलाला कामाच्या वेळी त्रास कशाला द्यायचा, असं त्यांना वाटलं. तेवढा संकोच घरातून गेला तरी चोराची घाई पुरी पडणार नाही.